प्लास्टर, शाडू आणि कॅल्शियमचे दोन इलेक्ट्रॉन

शाडूची गणेशमूर्ती बादलीत विसर्जित केली की काही तासांत ती ढासळते आणि तळाशी चिखल उरतो. तो वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येतो. त्याच मापाची प्लास्टर ऑफ पॅरिसची, म्हणजे पीओपीची मूर्ती त्याच बादलीत ठेवली तर आठवडा उलटला तरी सोंड, मुकुट, हाताची बोटे ओळखू येतात. सुटतो तो फक्त रंग. यातली गंमत अशी की लालबाग-परळच्या कारखान्यांत पीओपीची मूर्ती घडते ती पाण्यामुळेच. पांढऱ्या भुकटीत पाणी घालून ढवळायचे, साच्यात ओतायचे, की काही मिनिटांत दगड तयार. ज्या पाण्याने भुकटीचा दगड केला, तेच पाणी त्या दगडाची पुन्हा भुकटी का करत नाही? आणि शाडूला मात्र ते काही तासांत का विस्कटून टाकते?

‘एक नैसर्गिक, दुसरे कृत्रिम’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे आणि बरेचसे चुकीचेही. पीओपी ज्यापासून बनते ते जिप्सम शाडूइतकेच नैसर्गिक खनिज आहे. भारतात ते मुख्यतः राजस्थानातून निघते. खरा फरक दोन्ही पदार्थांतले अणू एकमेकांना कसे धरून बसले आहेत, यात आहे.

अणूच्या आत

एक किलो पीओपीत कॅल्शियमचे जितके अणू असतात त्यांची संख्या लिहायची तर चारावर चोवीस शून्ये द्यावी लागतील. त्यातल्या प्रत्येकाच्या मध्यभागी एक केंद्रक असते. केंद्रकात २० प्रोटॉन आणि बहुतेक अणूंत २० न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर कोणताच नसतो. केंद्रकाबाहेर २० इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येकावर ऋण भार; म्हणून सगळा अणू मिळून उदासीन राहतो. अणूचे जवळजवळ सारे वजन केंद्रकात असते, पण जागा ते फारच थोडी अडवते. कॅल्शियमच्या अणूचा व्यास त्याच्या केंद्रकाच्या व्यासाच्या सुमारे पन्नास हजार पट आहे. अणूला केंद्रक असते हे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये मांडले. न्यूट्रॉन जेम्स चॅडविक यांना सापडला तो १९३२ मध्ये.

मूर्ती घडताना, वाळताना, विरघळताना यातले एकही केंद्रक बदलत नाही. जे घडते ते इलेक्ट्रॉनांत, आणि तेही सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत. इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पातळ्यांवर असतात. या पातळ्यांना कवचे म्हणतात. पहिल्या कवचात २ इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात ८. तिसऱ्यात खरे तर १८ मावतात, पण कॅल्शियममध्ये तिथे ८ झाले की उरलेले दोन थेट चौथ्या कवचात जातात, कारण तिथे त्यांची ऊर्जा कमी राहते. त्यामुळे कॅल्शियमची मांडणी २, ८, ८, २ अशी होते.

शेवटच्या दोघांवर केंद्रकाची पकड सैल असते. किती सैल, हे मोजता येते. अणूतला एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढत गेले तर तिसऱ्याला लागणारी ऊर्जा दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक भरते, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून उपसावा लागतो. म्हणून कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो आणि तिथेच थांबतो. जिप्सम असो, पानाला लावायचा चुना असो की माणसाचे हाड, सगळीकडे त्याचा व्यवहार हाच.

आवर्तसारणीतला एक स्तंभ

केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. कॅल्शियमचा अणुअंक २०. एक प्रोटॉन कमी झाला तर ते पोटॅशियम, एक वाढला तर स्कँडियम. आज अशी ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत. अणुअंकाच्या क्रमाने त्यांच्या आडव्या ओळी लावल्या आणि बाहेरच्या कवचाची मांडणी सारखी असलेली मूलद्रव्ये एकाखाली एक आणली की आवर्तसारणी तयार होते. दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये ती प्रसिद्ध केली तेव्हा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे होते फक्त अणुभार आणि गुणधर्म. क्रम अणुअंकाचा असतो हे हेन्री मोझ्ली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१३ मध्ये दाखवले.

कॅल्शियमच्या स्तंभाची चाहूल त्याही आधी लागली होती. कॅल्शियमचा अणुभार ४०, बेरियमचा १३७. दोहोंची सरासरी ८८.५. स्ट्रॉन्शियमचा अणुभार आहे ८७.६, आणि गुणधर्मही या दोघांच्या मधले. अशी ‘त्रिके’ जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये दाखवून दिली होती. कारण कळायला आणखी शतकभर लागले. मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम या सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन असतात, आणि सगळे ते दोन देऊन मोकळे होतात.

एका स्तंभातली मूलद्रव्ये सारखी वागतात, पण हुबेहूब नाही. खाली जावे तसा एखादा गुणधर्म हळूहळू बदलत जातो. या चौघांची गंधकाशी आणि ऑक्सिजनशी होणारी संयुगे, म्हणजे त्यांची सल्फेटे, साध्या तपमानाच्या एक लिटर पाण्यात टाकून पाहिली तर मॅग्नेशियमचे सल्फेट ३०० ग्रॅमहून जास्त विरघळते, कॅल्शियमचे सुमारे २ ग्रॅम, स्ट्रॉन्शियमचे एक ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग आणि बेरियमचे अवघे दोन-अडीच मिलिग्रॅम. परळच्या मोठ्या रुग्णालयांत पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी रुग्णाला पांढरे ‘बेरियम’ पाजतात ते याच भरवशावर. सुटे बेरियम शरीराला विषारी आहे. त्याचे सल्फेट मात्र इतके कमी विरघळते की आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते. मूर्तीतले कॅल्शियम सल्फेट या उतरंडीत मधे सापडले आहे. ते मिठासारखे चटकन विरघळणारे नाही आणि बेरियमसारखे जवळपास न विरघळणारेही नाही. पीओपी मूर्तींच्या विसर्जनावरून होणाऱ्या वादाचे मूळ या मधल्या जागेत आहे.

देणारा एक, घेणारे पाच

गंधकाची मांडणी २, ८, ६ आणि ऑक्सिजनची २, ६. दोघांनाही बाहेरच्या कवचात आठ हवे असतात. एक गंधक आणि चार ऑक्सिजन एकत्र येतात तेव्हा कोणी कोणाला काही देऊन टाकत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या दोघांत सामाईक राहतात. याला सहसंयुज बंध म्हणतात आणि तो मजबूत असतो. तरीही या पाच जणांच्या गटाला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात. ते कॅल्शियम देतो. देणाऱ्यावर दोन धन भार उरतात, घेणाऱ्या गटावर दोन ऋण भार येतात. अशा भारित अणूला किंवा गटाला आयन म्हणतात. धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात, हा आयनिक बंध. कॅल्शियम सल्फेटच्या स्फटिकात दोन्ही प्रकारचे बंध आहेत: सल्फेटच्या आत सहसंयुज, सल्फेट आणि कॅल्शियम यांच्यात आयनिक. पाणी दुसरा बंध सोडवू शकते, पहिला नाही. म्हणून जिप्सम विरघळले तरी सल्फेटचा गट अभंग राहतो.

संयुग झाल्यावर घटकांच्या मूळ स्वभावाचा मागमूस उरत नाही. शुद्ध कॅल्शियम हा चंदेरी धातू आहे, हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये प्रथम वेगळा केलेला. पाण्यात टाकला की त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. गंधक पिवळे आणि ठिसूळ. ऑक्सिजन तर वायू. तिघे मिळून होतो तो पांढरा, थंड, निरुपद्रवी दगड. शिवाय प्रमाणही कायमचे बांधलेले असते. १३६ ग्रॅम कॅल्शियम सल्फेटमध्ये ४० ग्रॅम कॅल्शियम, ३२ ग्रॅम गंधक आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन असणारच, मग ते बिकानेरच्या खाणीतले असो वा परळच्या गोणीतले.

भट्टीत गेलेले पाणी

जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू असतात. पाण्याच्या रेणूत सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जास्त झुकलेले असतात, त्यामुळे त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते आणि धनभारित कॅल्शियमकडे तोंड करून चिकटून बसते. हे स्फटिकजल. जिप्समचा खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, पण त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असते.

सुमारे १५० अंश सेल्सियसला जिप्सम भाजले की यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. दोन एककांत मिळून पाण्याचा एक रेणू उरतो. ही उरलेली भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. १०० किलो जिप्समची साधारण ८४ किलो भुकटी होते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव. भाजताना जाते ते पाणीच, आणि घट्ट होताना भुकटी तेच परत घेते, हे आंत्वान लाव्हाझिए यांनी १७६५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. आधुनिक रसायनशास्त्राच्या या जनकाचा पहिला शोधनिबंध जिप्समवर होता, ही गोष्ट परळच्या मूर्तिकारांना कौतुकाची वाटायला हरकत नाही.

भुकटी पाण्यात कालवल्यावर नेमके काय होते? भुकटी जिप्समपेक्षा तीन-चार पट अधिक विरघळते. त्यामुळे पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट यांची इतकी दाटी होते की तेवढे जिप्सम पाण्याला धरून ठेवता येत नाही. मग जिप्समचे स्फटिक बाहेर पडू लागतात. ते सुईसारखे लांब वाढतात, एकमेकांत घुसतात, अडकतात. या गुंत्यामुळे लगदा दगड होतो. बंध जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ताजा साचा हाताला कोमट लागतो.

हिशेबाने १० किलो भुकटीला दोन किलोहूनही कमी पाणी पुरते. पण तेवढ्यात ती ओतण्याजोगी पातळ होत नाही, म्हणून कारागीर त्याच्या तिप्पट-चौपट घालतात. जादा पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे सोडते. मूर्तीच्या हलकेपणाचे श्रेय या छिद्रांना, आणि पावसाळी हवेत ती वाळायला लागणाऱ्या दिवसांचे कारणही तेच. सुयांचा गुंता दाबाला टिकतो, ताणाला नाही. तो ताण घेण्यासाठी आत काथ्या घालतात.

पहिल्या कोड्याचे उत्तर इथे मिळते. पाण्याने भुकटी नुसती भिजवली नव्हती, ते दगडाचा भाग झाले होते. घडलेली मूर्ती ही रासायनिकदृष्ट्या पीओपी नसतेच. ती पुन्हा जिप्सम झालेली असते, आणि तिला आणखी पाणी घ्यायला जागा उरलेली नसते.

चौकट: कॅल्शियम एक, रूपे अनेक
जिप्सम: कॅल्शियम सल्फेट आणि पाण्याचे दोन रेणू. घडलेली पीओपी मूर्ती, तसेच शाळेतला पांढरा खडूही बहुधा हाच.
प्लास्टर ऑफ पॅरिस: कॅल्शियम सल्फेट आणि पाण्याचा अर्धा रेणू.
चुनखडी, संगमरवर, शिंपले: कॅल्शियम कार्बोनेट.
पानाचा चुना: कॅल्शियम हायड्रॉक्साइड.
हाडे आणि दात: मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार.

शाडूतली पाने

शाडू ही चिकणमाती. तिच्यात सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या पातळ थरांचे सूक्ष्म कण असतात. थराच्या आत अणू सहसंयुज बंधांनी घट्ट जखडलेले असतात, पण थराथरांत आणि कणाकणांत ओढ बेताचीच असते. पत्त्यांचा कॅट पिसताना पाने जशी एकमेकांवरून सरकतात, तसे ओल्या शाडूचे कण सरकतात. म्हणून ती हाताने मळता येते आणि दिलेला आकार धरून ठेवते. वाळली की मधले पाणी जाते, पाने जवळ येतात, मूर्ती कडक होते. पण या सगळ्यात नवा बंध एकही जुळलेला नसतो. पाणी पुन्हा आत शिरले की पाने सुटी होतात. शाडू विरघळत नाही, ती विखुरते. बादलीतले पाणी गढूळ होते आणि तळाशी साका बसतो तो यामुळेच.

धारावीच्या कुंभारवाड्यात माती भट्टीत जाते तेव्हा मात्र वेगळे घडते. कडक आचेत थरांतले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातात, कण एकमेकांशी कायमचे सांधले जातात, आणि असा माठ पाण्यात वर्षानुवर्षे तसाच राहतो. जिप्समला गमावलेले पाणी परत घेता येते, भाजलेल्या मातीला सहजी येत नाही.

विरघळते, पण किती

‘पीओपी पाण्यात विरघळत नाही’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. ते खरे नाही. एका लिटरमध्ये सुमारे २.४ ग्रॅम जिप्सम विरघळते. २० लिटरच्या बादलीत म्हणजे ५० ग्रॅमच्या आत-बाहेर, की पाणी संपृक्त झाले. त्यानंतर मूर्ती महिनाभर ठेवली तरी फरक पडणार नाही. एक किलोच्या मूर्तीला चारशे लिटरहून अधिक पाणी हवे.

समुद्रात पाण्याची वाण नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मुळातच साधारण ०.४ ग्रॅम कॅल्शियम आणि २.७ ग्रॅम सल्फेट असते, तरी ते संपृक्त नसते. वडाळ्यापासून मुलुंडपर्यंतच्या मिठागरांत पाणी आटत आटत चौथ्या हिश्शाच्या आसपास आले की आधी जिप्सम खाली बसते, मीठ त्यानंतर. तेव्हा अरबी समुद्राला जिप्सम परके नाही. मग गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या दिवशी हात-पाय का सापडतात? कारण विरघळण्याचे काम फक्त पृष्ठभागावर चालते, तिथेही तैलरंगाचा थर आड येतो, आणि लाटा तुकडे परत किनाऱ्याला आणून टाकतात. अडचण रसायनाची कमी आणि वेळेची जास्त आहे. तलावांत आणि विहिरींत मात्र ती रसायनाचीही आहे: साठलेले पाणी लवकर संपृक्त होते, जड होते. त्यात निर्माल्य कुजत असेल तर काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

बादलीतली अदलाबदल

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शुभांगी उंबरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर घरगुती मूर्तींपुरता उपाय शोधला. बेकरीत बिस्किटे फुगवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून त्यात मूर्ती ठेवायची. पुणे महापालिकेने गणेशोत्सवात ते नागरिकांना वाटलेही. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरते.

विरते म्हणजे काय होते? पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट थोडे थोडे सुटे होतच असतात. तिथे कार्बोनेट हजर असेल तर कॅल्शियम त्याच्याशी जोडी जमवतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट जिप्समच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी विरघळते. ते लगेच पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते. पाण्यातले कॅल्शियम कमी झाल्याने पाणी संपृक्त राहत नाही, म्हणून मूर्तीतून आणखी कॅल्शियम सुटते, तेही खाली बसते. मूर्ती संपेपर्यंत हे चालू राहते. मागे राहिलेले सल्फेट अमोनियमशी जुळते आणि अमोनियम सल्फेट हे खत पाण्यात तयार होते. बुडबुडे दिसतात ते कार्बन डायऑक्साइडचे.

मूर्तीच्या वजनाइतकेच बायकार्बोनेट घ्या, असे सांगितले जाते. त्यामागचा हिशेब असा: जिप्समच्या एका एककाचे सापेक्ष वजन १७२, आणि त्याला बायकार्बोनेटची दोन एकके लागतात, ती ७९ दुणे १५८. जवळपास बरोबरी. एका लिटरमध्ये सुमारे २०० ग्रॅम बायकार्बोनेट विरघळते, म्हणून दोन किलोच्या मूर्तीला किमान दहा लिटर पाणी हवे. बादली मोकळ्या हवेत ठेवलेली बरी, कारण अमोनियाचा उग्र दर्प येतो.

शेंदूर आणि हिंगूळ

रंगांचा प्रश्न प्लास्टरपेक्षा वेगळा आहे आणि जास्त गंभीर. शेंदूर हे परंपरेने शिशाचे ऑक्साइड, तीन शिसे आणि चार ऑक्सिजन. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. शिसे आवर्तसारणीत कॅल्शियमपासून बरेच दूर, कार्बनच्या स्तंभात तळाकडे, अणुअंक ८२. पण तेही बहुधा दोनच इलेक्ट्रॉन देते आणि उरलेला आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास असतो. शरीर फसते आणि शिसे हाडांत कॅल्शियमच्या जागी बसवते. कॅडमियम तसेच जस्ताचे सोंग घेते. ते दोघे एका स्तंभातले शेजारीच. गेरूचा लोह ऑक्साइड किंवा पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड यांच्यापासून असा धोका नाही. म्हणजे शाडूची मूर्तीही शिशाच्या रंगाने रंगवली तर ‘पर्यावरणपूरक’ हे बिरूद तिला शोभत नाही.

मोठ्या मूर्तींचे काय

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपी मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचे आदेश दिले. बायकार्बोनेटचा उपाय सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या उंच मूर्तींना लागू करणे अवघड. एक टन प्लास्टरला जवळपास एक टन बायकार्बोनेट आणि पाच हजार लिटरची टाकी लागेल.

तत्त्वतः दुसरा मार्ग आहे. मूर्ती जिप्समच असल्याने ती दळून पुन्हा १५० अंशांना भाजली की पीओपी परत मिळायला हवे. अडचण येते ती काथ्या, रंग आणि आच यांची. काथ्या आणि रंग आधी काढले नाहीत तर भुकटी अशुद्ध होते. आच कमी पडली तर जिप्सम तसेच राहते. फार वाढली तर उरलेले पाणीही जाते आणि मिळणारी भुकटी पाणी घातल्यावर घट्ट व्हायला फार वेळ घेते, किंवा होतच नाही. एवढी काळजी घेणे शक्य नसेल, तर हे जिप्सम सिमेंटच्या कामी येऊ शकते. सिमेंट झटकन घट्ट होऊ नये म्हणून त्यात थोडे जिप्सम दळून मिसळावेच लागते.